अनुपलब्ध पुस्तकांचे पहारेकरी

२०१७ च्या ऑगस्टमध्ये काही दिवस भारतातून ‘इंटरनेट अर्काइव्ह’ उघडत नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोची ही ना-नफा संस्था जगभरची जुनी पुस्तके, ध्वनिमुद्रणे आणि बंद पडलेल्या संकेतस्थळांच्या प्रती सांभाळते. ती बंद का झाली हे कळल्यावर हसावे की चिडावे ते समजेना. ‘जब हॅरी मेट सेजल’ आणि ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ या दोन हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडून पायरसीविरुद्ध आदेश मिळवले होते. बंद करायच्या संकेतस्थळांची यादी अडीच हजारांच्या वर गेली होती आणि तिच्यात अर्काइव्हचेही नाव होते. आम्हाला आधी कुणी काही विचारलेसुद्धा नाही, असे संस्थेने तेव्हा सांगितले.

याच अर्काइव्हवर मराठीतली हजारो जुनी पुस्तके आहेत. ती तिथे कशी पोचली, हेही ऐकण्यासारखे आहे. या शतकाच्या सुरुवातीला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा सरकारी प्रकल्प उभा राहिला. देशभरच्या ग्रंथालयांतली पुस्तके स्कॅन झाली आणि आकडा पाच लाखांच्या पुढे गेला. काम घाईचे होते. पाने तिरकी, कडा कापलेल्या, पुस्तकांची नावे रोमन लिपीत वाटेल तशी. आजही तिथे एखादे मराठी पुस्तक शोधायचे तर नोंद करणाऱ्याने त्याचे स्पेलिंग काय केले असेल याचा आधी अंदाज बांधावा लागतो. पण पुस्तके होती. पुढे स्वामित्वहक्काचा प्रश्न उभा राहिला आणि २०१७ च्या सुमारास ते सरकारी संकेतस्थळच मिटले. कार्ल मालामुद या अमेरिकी कार्यकर्त्याने त्यातली सुमारे चार लाख पुस्तके अर्काइव्हवर चढवून ठेवली, म्हणून ती आज आपल्याला दिसतात. त्यातली बरीचशी स्वामित्वहक्कातून मोकळी झालेली आहेत, काही नाहीत. म्हणजे काटेकोर बोलायचे तर मराठीचा हा मोठा फुकट साठा काही अंशी बेकायदेशीर आहे, आणि तो नसता तर विद्यापीठांतले कितीतरी प्रबंध अडले असते. मार्गदर्शक हे जाणून असतात, फक्त संदर्भसूचीत तसे लिहीत नाहीत.

ऑनलाइन पायरसीचा वाद निघाला की एका बाजूला ‘चोरी ती चोरी’ म्हणणारे असतात आणि दुसऱ्या बाजूला ‘ज्ञान मुक्त हवे’ म्हणणारे. माझे म्हणणे दोघांनाही पटणार नाही. गेल्या वर्षी आलेल्या, दुकानात मिळणाऱ्या, लेखक हयात असलेल्या पुस्तकाची पीडीएफ फिरवणे ही चोरी आहे आणि तिला कसलीही सबब चालत नाही. चाळीस वर्षांपूर्वी आवृत्ती संपलेल्या, पुन्हा न निघालेल्या, प्रकाशन संस्थाच बुडालेल्या पुस्तकाची पीडीएफ जपणे आणि देणे हे मात्र बहुतेक वेळा संस्कृतीचे काम आहे, आणि ते गुन्ह्यात काढणारा कायदा बदलला पाहिजे. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा दोन्हींना एकाच रकान्यात घालतो. त्यातही गंमत अशी, की पहिल्या प्रकारात तो लेखकाच्या कामी येत नाही आणि दुसऱ्या प्रकारात वाचकाला मात्र नेमका आडवा येतो.

हे असे झाले कारण इंटरनेटवरच्या पायरसीविरुद्धची आपली सगळी यंत्रणा चित्रपट आणि क्रिकेट-फुटबॉलच्या प्रक्षेपणासाठी घडली. त्यांचे बरोबरच आहे. चित्रपटाची कमाई पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारात होते, तेवढ्यात फुटलेली प्रत थांबवली नाही तर नंतर थांबवून उपयोग नाही. २०१६ च्या जूनमध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या दोन दिवस आधीच इंटरनेटवर आला होता, सेन्सॉरच्या प्रतीवरची खूण तशीच ठेवून. अशा वेळी चोर कोण हे माहीत नसते, म्हणून न्यायालये अज्ञात प्रतिवादीविरुद्ध आदेश देतात. इंग्रजी कायद्यात या अज्ञाताला ‘जॉन डो’ म्हणतात, आपल्याकडच्या दाव्यांत त्याचे नाव ‘अशोक कुमार’ पडले आहे. २००२ मध्ये फुटबॉल विश्वचषकाच्या प्रक्षेपणासाठी दिल्ली उच्च न्यायालयाने असा आदेश दिला आणि वाट पडली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले: बंद केलेले संकेतस्थळ नाव बदलून पुन्हा उगवले तर नवा दावा न लावता नुसत्या अर्जावर तेही बंद करता येईल. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. तीन महिने ते तीन वर्षे कैद, आणि दंड किमान तीन लाख रुपये, तर कमाल निर्मितीखर्चाच्या पाच टक्के. त्याच वर्षी सरकारने तक्रारी घेणारे अधिकारी नेमले आणि ४८ तासांत कारवाईची व्यवस्था केली.

एवढ्या सगळ्या धावपळीत नीट थांबून विचार करणारे न्यायाधीश म्हणून मला मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल आठवतात. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या प्रकरणात अख्खी संकेतस्थळे बंद करून द्यायला त्यांनी नकार दिला. नेमका कुठला दुवा बेकायदेशीर आहे ते तपासून, शपथेवर सांगा, तेवढाच बंद होईल, ही त्यांची भूमिका. त्याच ऑगस्टमध्ये बंद पानांवर झळकणाऱ्या एका सरकारी छापाच्या इशाऱ्यामुळे ‘टॉरंटवर चित्रपट पाहिला तर तीन वर्षे तुरुंगवास’ अशी बातमी देशभर पसरली होती. नुसते पाहणे हा गुन्हा नाही, गुन्हा आहे तो वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्या-भाड्याने देण्यात, हेही पटेल यांनीच स्पष्ट केले. पुढच्या वर्षी मद्रासमध्ये हाच नेमकेपणा पाळला गेला असता तर अर्काइव्ह बंद पडण्याचा प्रश्नच आला नसता.

आता मराठी लेखकाकडे येऊ. एकेकाळी हजाराची आवृत्ती ही मराठीत साधी गोष्ट होती, आता पाचशेची निघते, तीनशेचीही निघते. पुस्तकाची किंमत तीनशे रुपये आणि लेखकाची रॉयल्टी दहा टक्के धरा. एका प्रतीमागे तीस रुपये, पाचशेच्या पाचशे प्रती खपल्या तर पंधरा हजार. तेही दोन-तीन वर्षांत, आणि प्रकाशकाने हिशेब पाठवला तर. (हिशेब न पाठवणारे प्रकाशकही पायरसीवर पोटतिडकीने बोलतात, ते ऐकताना माझी सहानुभूती जरा कमी होते.) अशा पुस्तकाची पीडीएफ टेलिग्रामच्या एका चॅनलवर टाकली की तिथून व्हॉट्सअ‍ॅपच्या दहा गटांत जाते, खाली हात जोडल्याची चित्रे आणि ‘खूप दिवस शोधत होतो, धन्यवाद सर’. शोधत होतो म्हणजे कुठे, असे विचारायचा मोह होतो. पुस्तक दुकानात आहे, प्रकाशकाच्या संकेतस्थळावर आहे, कित्येकदा ई-बुकही आहे. २०१६ च्या डिसेंबरपासून किंडलवर मराठी पुस्तके मिळतात.

‘पुस्तके परवडत नाहीत’ हे मी गरीब विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकून घेईन. पण पीडीएफ गटांचे आधारस्तंभ बघा: निवृत्त अधिकारी, बँकेतले, परदेशी स्थायिक झालेले. परदेशातल्या मराठी माणसाची अडचण काही वेळा खरी असते, कारण टपालखर्च पुस्तकाच्या किमतीच्या वर जातो आणि ई-बुक नसले तर मार्गच उरत नाही. इथल्या माणसाला मात्र ग्रंथालय आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली सरकारी अनुदानावर चालणारी दहा हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालये आहेत, वर्गणी किरकोळ असते. नवी पुस्तके त्यांच्याकडे उशिरा येतात ही तक्रार रास्त आहे. ती घेऊन ग्रंथपालाकडे जावे.

आणखी एक प्रकार अलीकडे बोकाळला आहे, तो अभिवाचनाचा. यूट्यूबवर अख्ख्या कादंबऱ्या, अख्खे कथासंग्रह वाचून दाखवणारी चॅनले आहेत. आवाज चांगला असतो, मागे बासरी असते, वर्णनात ‘साहित्यसेवा’ लिहिलेले असते आणि मध्ये जाहिराती लागतात. त्या जाहिरातींतला एक रुपया लेखकाकडे जात नाही. सेवा करायची तर आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी. मराठी लेखक सहसा नाही म्हणत नाहीत, हेच तर दुखणे आहे.

मग या लेखकाला कायदा काय देतो? २०१३ च्या कॉपीराइट नियमांत एक सोय आहे. लेखकाने वा प्रकाशकाने लेखी तक्रार केली की संबंधित कंपनीने ३६ तासांत तो मजकूर दिसेनासा करायचा, एकवीस दिवसांसाठी. तेवढ्या मुदतीत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर मजकूर पुन्हा दाखवायला कंपनी मोकळी. पंधरा हजारांच्या रॉयल्टीसाठी एकवीस दिवसांत वकील, दावा, आदेश! चित्रपटाच्या निर्मात्याला ४८ तासांत काम करणारा अधिकारी आणि कादंबरीकाराला हे. दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला चॅनल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली आहे, हे खरे. २०२० मध्ये वर्तमानपत्रांच्या पीडीएफ फिरवल्याबद्दल एका मोठ्या वृत्तपत्र समूहाच्या दाव्यात, आणि २०२२ मध्ये स्पर्धा परीक्षांच्या साहित्यावरून एका शिक्षिकेच्या दाव्यात. पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससीच्या नोट्सच्या झेरॉक्सवर चालणाऱ्या दुनियेला हा दुसरा निकाल लागू पडावा. पण दोन्ही ठिकाणी दावा लढवण्याइतके बळ असलेला वादी होता.

कायद्याचा दुसरा टोकाचा भाग असा, की त्याची शिक्षा मात्र जबर आहे. कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा दिला. नफ्यासाठी केलेले नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते, तरी पोलिसांचा हात पोचतोच. सगळ्यांना घाबरवू शकणारा आणि कुणाला फारसा वाचवू न शकणारा कायदा तो हा.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळतो, कारण माझा खरा राग तिकडे आहे.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. आधी पन्नास होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांचे हक्क विश्वभारतीकडे होते आणि ते १९९१ च्या अखेरीस संपणार होते. त्या डिसेंबरात वटहुकूम निघाला, १९९२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि सगळ्यांचीच मुदत दहा वर्षांनी वाढली. एका महाकवीच्या एका वारसदार संस्थेसाठी देशातल्या सगळ्या भाषांतले सगळे लेखक दहा वर्षे अधिक कुलपात राहिले. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. जुन्या हिशेबाने त्यांचे लेखन २००१ मध्ये मोकळे झाले असते, ते २०११ मध्ये झाले. त्यानंतर ‘श्यामची आई’ अनेक प्रकाशकांनी छापले, स्वस्तात छापले, आणि ते पुस्तक आटले असे कुणी म्हणणार नाही. अत्रे आणि अण्णाभाऊ साठे दोघेही १९६९ चे, म्हणजे १ जानेवारी २०३०. इरावती कर्वे २०३१. जी. ए. कुलकर्णी २०४८. पु. ल. देशपांडे २०६१. दुर्गा भागवत २०६३.

ही नावे मुद्दाम घेतली, कारण यांची पुस्तके मिळतात. साठ वर्षांच्या मुदतीचा फायदा मिळतो तो या मूठभरांच्या वारसांना आणि प्रकाशकांना, आणि तो त्यांनी घ्यावा. पण त्यांच्यासाठी घातलेले कुलूप बाकीच्या लाखभर पुस्तकांनाही लागते. एखाद्या तालुक्याचा इतिहास लिहून ठेवणारा हेडमास्तर, जात्यावरच्या ओव्या गोळा करून पदरमोड करून छापणारी बाई, गवंडीकामावर मराठीत पुस्तक लिहिणारा ओव्हरसिअर. यांची एकच आवृत्ती निघाली. प्रती वाटल्या, रद्दीत गेल्या, वाळवीने खाल्ल्या. लेखक १९८० मध्ये वारला असेल तर पुस्तक २०४१ पर्यंत कुलपात. वारस कोण, कुठे, त्यांना आपण वारस आहोत हे माहीत तरी आहे का? आजोबांनी पुस्तक लिहिले होते हेच नातवाला कुणीतरी संशोधक सांगतो.

दिवाळी अंक घ्या. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत या प्रकाराचा जो ढीग रचला गेला, तसा दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असे वाटत नाही. १९६५ चा एक अंक कायदेशीरपणे इंटरनेटवर ठेवायचा तर काय करावे लागेल? कथाकार, कवी, लेखक, व्यंगचित्रकार, मुखपृष्ठाचा चित्रकार, असे तीस-चाळीस जण. प्रत्येकाचा हक्क वेगळा, प्रत्येकाची मृत्यूची तारीख वेगळी, संपादकाशी लेखी करार बहुधा कुणाचाच नाही. संपादकाला मनीऑर्डर केल्याचेही आठवत नसेल. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले, सत्तरच्या दशकातली अनियतकालिके तर दोन-चार अंकांत संपली. मराठी साहित्याचा अर्धा इतिहास या कागदांवर आहे आणि ते आज ज्या कुणी घरी बसून स्कॅन केले आहेत तो माणूस कायद्याने गुन्हेगार आहे.

कायद्यात यावर काहीच नाही असे नाही. कलम ३१ अ म्हणते, की लेखक मृत वा अज्ञात असेल किंवा हक्काचा मालक सापडत नसेल, तर प्रकाशनासाठी परवाना मागता येतो. पण अर्जाआधी आपला इरादा वर्तमानपत्रात जाहीर करावा लागतो, आणि तो कुठल्या? देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात. सोलापूरच्या शाहिराच्या नातवाने आपल्या आजोबाच्या मराठी पोवाड्यांबद्दलची सूचना राष्ट्रीय इंग्रजी दैनिकात वाचावी अशी कायद्याची अपेक्षा आहे. अनुवादाचा परवाना हवा असेल तर त्या भाषेतल्या दैनिकातही जाहिरात लागते, मूळ भाषेतल्या दैनिकाची मात्र आठवण कुणाला झाली नाही. मग अर्ज. तो आधी कॉपीराइट मंडळाकडे असे, मग अपील मंडळाकडे गेला, ते मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाले, आता न्यायालय. परवान्याचे शुल्क भरून ठेवायचे, न जाणो मालक उगवला तर. एका पुस्तकासाठी हे करावे असे कुणाला वाटेल? आणि हजार पुस्तकांसाठी हजारदा?

ग्रंथालयांना २०१२ च्या दुरुस्तीने एक मुभा मिळाली: आपल्याकडे असलेल्या पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी करून ठेवता येते. ठेवता येते, बाहेरच्या वाचकाला पाठवता येत नाही. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती ग्रंथालय आपल्या वापरासाठी काढू शकते. म्हणजे जुन्नरच्या वाचकाला हवे असलेले एकमेव पुस्तक नागपूरच्या ग्रंथालयात स्कॅन होऊन पडलेले असेल, तरी त्याने एसटी पकडून नागपूरला जावे. आपल्या न्यायालयांनी याहून मोकळा विचार केला नाही असे नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर तीन बड्या विद्यापीठीय आणि शैक्षणिक प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळताना स्वामित्वहक्क हा काही दैवी वा नैसर्गिक हक्क नव्हे, असे स्पष्ट लिहिले. अध्यापनासाठी पुस्तकांतले उतारे एकत्र करून देणे कायद्याच्या सवलतीत बसते, हे त्या खटल्याने ठरले. ही सवलत वर्गाच्या उंबरठ्यापर्यंत आहे. वर्गाबाहेरचा वाचक, हौशी संशोधक, गावच्या इतिहासाचे वेड लागलेला शिक्षक तिच्यात नाही.

प्रकाशक यावर म्हणतात, एकदा फुकट पीडीएफ दिली की छापील पुस्तक संपले. यावर महाराष्ट्राकडेच एक उत्तर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन १ जानेवारी २०१७ पासून मोकळे आहे. राज्य सरकारने काढलेले त्यांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. आणि तरी सहा डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कावर जावे, पुस्तकांच्या रांगाच्या रांगा लागलेल्या असतात, माणसे पिशव्या भरून घेऊन जातात. तिथे अडचण उलटीच आहे: छापील खंड पुरत नाहीत. छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. आंबेडकरी समाजाचे पुस्तकाशी असलेले नाते वेगळे आहे, ते सगळ्या मराठी वाचकांना लावता येणार नाही, हे मान्य. पण पीडीएफ म्हणजे पुस्तकाचा मृत्यू हा सिद्धान्तही त्यामुळे मान्य करता येत नाही.

बाहेर यावर काय केले गेले ते पाहायचे तर नॉर्वे पाहावा. लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास, २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. त्या छोट्या भाषेने आपली पुस्तके राष्ट्रीय ग्रंथालयात डिजिटल करून घेतली, हक्कदारांच्या संघटनेशी २०१२ मध्ये करार केला आणि २००० सालापर्यंत निघालेली पुस्तके देशातल्या वाचकांना घरबसल्या खुली केली. ग्रंथालय संघटनेला पानामागे ठरलेली रक्कम देते आणि ज्या लेखकाला आपले पुस्तक नको असेल त्याला ते काढून घेता येते. एकेका वारसाचा पत्ता शोधत बसावे लागले नाही, कारण तिथल्या कायद्यात अशा सामूहिक कराराला संघटनेबाहेरच्या लेखकांनाही सामावून घेण्याची तरतूद आहे.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न आपल्याकडे लगेच येतो. तर केंद्र सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिके, सरकारी उच्चशिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना खुली. त्याआधी वर्षानुवर्षे इथले संशोधक ‘साय-हब’ या बेकायदेशीर संग्रहावर काम भागवत होते, आणि एल्सेव्हिअरसह तीन प्रकाशकांनी २०२० मध्ये दिल्लीत त्याविरुद्ध दावाही लावला होता. वाचनाची सोय सरकारने सगळ्यांच्या वतीने विकत घ्यायची, हे तत्त्व आपण परदेशी नियतकालिकांसाठी मान्य केले आहे. मराठीच्या अनुपलब्ध पुस्तकांना यातला शतांशही पुरेल.

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. या चोरट्या संग्रहांतून सर्वांत जास्त ‘वाचन’ गरीब विद्यार्थ्यांनी केले नाही, ते कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांनी केले असे दिसते. अमेरिकेत लेखकांनी अँथ्रोपिक या कंपनीवर लावलेल्या दाव्यात २०२५ मध्ये दीडशे कोटी डॉलरची तडजोड झाली, सुमारे पाच लाख पुस्तकांसाठी, पुस्तकामागे अंदाजे तीन हजार डॉलर. पण ज्या पुस्तकांची अमेरिकी कॉपीराइट कार्यालयात मुदतीत नोंदणी झालेली होती तीच त्यात आली. मराठी लेखकाची कुठेच नोंद नसते. आपल्याकडे नोंदणी ऐच्छिक आहे आणि प्रकाशकाशी करारही अनेकदा चहावर ठरलेला. पैसे वाटायची वेळ आली तरी पैसे कुणाला द्यायचे हे सांगणारा कागद आपल्याजवळ नाही.

म्हणून नोंद हवी. पहिली पन्नास वर्षे आजच्याप्रमाणे आपोआप, शेवटची दहा मात्र जो वारस नोंद करील आणि पुस्तक बाजारात ठेवील त्यालाच. आंतरराष्ट्रीय करारांना मृत्यूनंतर पन्नासच वर्षे लागतात, वरची दहा आपण स्वखुशीने दिलेली आहेत. आपल्याच लेखकांच्या पुस्तकांना आपल्या देशात काय अटी घालायच्या यालाही स्वामित्वहक्काचा आंतरराष्ट्रीय बर्न करार आडवा येत नाही. कलम ३१ अ मधली जाहिरात पुस्तकाच्या भाषेतल्या दैनिकात हवी. एवढी दुरुस्ती एका ओळीची आहे. तिकडे नव्या पुस्तकांसाठी चित्रपटासारखाच तक्रार घेणारा अधिकारी हवा, एकवीस दिवसांत न्यायालय गाठायची अट न घालणारा.

हे सगळे दिल्लीच्या हातात आहे. कॉपीराइट हा केंद्राचा विषय. मुंबईच्या हातात मात्र एक गोष्ट आजही आहे आणि तिला कुठला कायदा बदलावा लागत नाही. राज्याचे साहित्य आणि संस्कृती मंडळ स्वतःची प्रकाशने संकेतस्थळावर फुकट ठेवते, राज्याच्याच विश्वकोश मंडळाने विश्वकोशही तसाच ठेवला आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पुस्तकांना अनुदान देते, आणि सरकार ग्रंथालयांसाठी पुस्तके खरेदी करते. त्या अनुदानाच्या आणि खरेदीच्या करारात एक कलम घालावे: पुस्तक सलग पाच वर्षे विक्रीला नसेल तर त्याची डिजिटल प्रत मंडळाच्या संकेतस्थळावर वाचायला खुली होईल. लेखकाचा हक्क लेखकाकडेच राहील, नवी आवृत्ती निघाली की प्रत काढून घेतली जाईल. प्रकाशकांचा विरोध होईल, तो मी ऐकू शकतो. त्यांच्यासाठी वाट सोपी आहे. मागणीनुसार छापणाऱ्या यंत्रावर आता पंचवीस-पन्नास प्रतीही काढता येतात. पाच वर्षांत तेवढ्या छापून दुकानात ठेवल्या तर हे कलम त्यांना लागूच होणार नाही.